कुंदाताईंची भालेवाली

कुंदाताईंच्या किचनच्या खिडकीत एक कवटी असायची आणि तिच्यावर फुलाफुलांचा टी-टॉवेल. मी नोकरीसाठी केंब्रिजला आले, त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच सकाळी कप पुसायला म्हणून तो टॉवेल ओढला. त्यानंतर मी जी किंचाळले ती थेट कोथरूडला ऐकू गेली असणार. कुंदाताई शांतपणे पोहे परतत होत्या. डोक्यावर सायकलचं हेल्मेट तसंच होतं; बाहेरून आल्यावर ते काढायचं असतं हे त्यांच्या दुपारपर्यंत लक्षात यायचं नाही.

"प्लास्टरची आहे न बाप्पा," त्या म्हणाल्या. "खरी म्युझियमवाल्यांनी ठेवून घेतली. टॉवेल परत टाक तिच्यावर, पार्सलवाला घाबरतो. आणि त्या टॉवेलने कप पुसू नको."

कुंदाताई मूळच्या नागपूरच्या. तिथेच चित्रकला शिकल्या, लग्न करून इकडे आल्या आणि जमिनीतून निघालेल्या वस्तूंची चित्रं काढण्यात त्यांचा जन्म गेला. खापरी, कंगवा, तलवारीची मूठ असलं काही सापडलं की ते मापून कागदावर उतरवायचं आणि मग ते वापरणारी माणसं कशी असतील तेही काढायचं. म्युझियमच्या भिंतीवर आपण हजार वर्षांपूर्वीचं गाव बघतो, त्यात चुलीतून धूर निघत असतो, कुत्रं भुंकत असतं. ते गाव कुणीतरी बसून काढलेलं असतं हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, असतंच ते तिथे. नवऱ्याविषयी त्या एवढंच बोलायच्या: "होता. चांगला होता. गेला." मूलबाळ नव्हतं. बागेच्या टोकाला एक लाकडी शेड होती, तीच त्यांची चित्रशाळा, आणि तिथे मिक्सर सोडून घरातली प्रत्येक हरवलेली वस्तू सापडायची.

त्यांच्या धंद्याचा एक नियम आहे. जे खरंच सापडलं ते सलग रेघेने काढायचं. जो अंदाज आहे तो ठिपक्यांच्या रेघेने. आणि जे माहीत नाही ती जागा कोरी. बाकीचे लोक हा नियम ऑफिसात पाळतात आणि संध्याकाळी घरी जातात. कुंदाताईंनी तो संसाराला लावला होता. मी एकदा म्हटलं, "अहो ताई, त्या समोरच्या घरातल्या दोघांचं फाटलंय वाटतं. तो सोफ्यावर झोपतो म्हणे."

"तू पाहिलं?"

"नाही, पण..."

"मंग ठिपक्यांत बोल." आणि लगेच पुढे, "पण काऊन फाटलं असेल गं?"

म्हणजे गप्पांचं वावडं नव्हतं, फक्त रेघ बरोबर हवी. उचलली जीभ लावली टाळ्याला असं बोललेलं त्यांना खपायचं नाही. आम्हा पुणेकरांची मतं सगळी सलग रेघेत असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्या नावाने कधी हाक मारायच्या नाहीत. "ए पुणेकर" एवढंच. मी पहिल्या आठवड्यात चिडले, दुसऱ्या आठवड्यात ओ द्यायला लागले.

त्यांचं खास दुखणं म्हणजे व्हायकिंग बायका. उत्तरेकडचे ते समुद्री लुटारू, हजार-बाराशे वर्षांपूर्वी होड्या घेऊन इंग्लंडवर चाल करून आले, इथेच शेती करून राहिले. त्यांच्या बायका लढायच्या का, यावर विद्वान अजून भांडतात. पण चित्रकारांना विचाराल तर शंकाच नाही. खडकावर एक पाय, वर तलवार, वाऱ्यावर पिवळे केस, डोक्यावर शिंगं आणि छातीवर पत्र्याच्या दोन वाट्या. त्या वाट्यांवर कुंदाताईंचा विशेष राग. "मधे घळ ठेवली न पाहा. समोरच्याने कुठेही वार केला तरी तलवार घसरून बरोबर काळजात जाईल. हे चिलखत शत्रूनेच शिवून दिलं असेल." शिंगांचा तर पुरावाच नाही; ती मागाहून रंगभूमीवरच्या कपडेवाल्यांनी बसवली आणि तेव्हापासून उतरायला तयार नाहीत. "आपल्याकडे काय वेगळं आहे?" मी म्हटलं. "कॅलेंडरवरच्या राण्या नथ घालून घोड्यावर बसतात, आणि लढाई संपली तरी अंबाड्यातला गजरा जागचा हलत नाही." तेव्हा त्या इतक्या हसल्या की चहा समजून ब्रश धुवायच्या कपातलं पाणी प्यायल्या.

जी पोझ जित्या माणसाला धरता येत नाही ती काढायची नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट, आणि ते जितं माणूस म्हणजे मी. एका शनिवारी मला बागेत उभं केलं. एका हातात कपडे वाळत घालायची काठी, तो भाला. दुसऱ्या हातात कणीक मळायची मोठी परात, ती ढाल. "खडकावर पाय ठेव, तलवार वर कर, कॅलेंडरवाली हो," असं म्हणून त्यांनी घड्याळ लावलं. मिनिटाभरात माझा खांदा भरून आला. "बघ. आता मी आले तर?" असं म्हणत सत्तरीच्या टोकाला आलेली ही बाई छत्री घेऊन माझ्यावर धावून आली आणि माझ्या उघड्या बगलेत टोक खुपसलं. मी ओरडले. कुंपणावरून शेजारच्या पीटरचं डोकं वर आलं.

"एव्हरीथिंग ऑल राइट, कुंदा?"

"लव्हली, पीटर. शी इज बीइंग किल्ड."

"राइटो," म्हणून पीटर खाली गेला. त्याला सवय होती.

लंडनमध्ये ईलिंगला मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना एकदा फॅन्सी ड्रेसला परीक्षक केलं. ज्याने ही कल्पना काढली त्याने पुढे परीक्षक निवडायचं काम सोडलं असं ऐकते; हे ठिपक्यांत. आठ वर्षांची एक मुलगी व्हायकिंग होऊन आली. शिंगांचं हेल्मेट, सोनेरी फॉइलचं चिलखत, वाट्यांसकट, केस कमरेपर्यंत मोकळे. आईने आठवडाभर खपून केलेलं. सगळ्यांना वाटलं, पहिलं बक्षीस इथेच. कुंदाताई खाली बसल्या आणि तिला विचारलं, "कुठं चालली तू?"

"टू फाइट," ती म्हणाली.

"केस मोकळे सोडून? मी तुझी दुश्मन आहे, मी आधी काय धरू?"

मुलीने विचार केला. "माझा केस."

"हाव न. मंग?"

आणि भर स्टेजवर कुंदाताईंनी तिची घट्ट वेणी घातली, शेपूट आत खोचलं, हेल्मेट काढून शिंगं उपटली आणि परत डोक्यावर ठेवलं. मुलगी खूश. "आता कोण नाय पकडणार मला!" म्हणत स्टेजभर धावत सुटली. आई मात्र शिंगं हातात घेऊन उभी. "अहो, दोन दिवस लागले मला ती चिकटवायला," एवढंच म्हणाली बिचारी. बक्षीस भाजीवाला होऊन आलेल्या मुलाला गेलं. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "ताई, लहान मुलीचा कार्यक्रम होता हो." त्या म्हणाल्या, "लहान आहे म्हणूनच. मोठ्यांचं जाऊ दे, ते गेलेत कामातून."

मग ती भिंत आली.

पूर्व किनाऱ्याकडच्या एका गावात नवी घरं बांधताना, मी इकडे यायच्या आधीच, एक थडगं सापडलं होतं. हाडं बाईची. वय चाळिशीच्या आसपास. बाजूला भाल्याचं पातं, ढालीच्या मधली लोखंडी वाटी, एक सुरी आणि सूत कातायच्या चातीची दगडी चकती. कवटीची प्लास्टरची नक्कल म्हणजेच आमच्या खिडकीतली ती. तिथल्या लहानशा म्युझियमने आता नवं दालन काढायचं ठरवलं आणि समोरची अख्खी भिंत कुंदाताईंना दिली. या बाईचं चित्र, छतापासून जमिनीपर्यंत. कुंदाताईंचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. उजवं मनगट डाव्या हाताने धरून रेघ ओढायच्या. ही त्यांची शेवटची भिंत, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला त्यांनी सांगितलं होतं. पोरं शाळेच्या सहलीला येतील, पुढची वीस-पंचवीस वर्षं व्हायकिंग बाई म्हटलं की हीच आठवतील. "एक तरी खरी ठेवून जाते," त्या म्हणाल्या. घर विकायचं, नागपूरला भावाकडे जायचं, हे ठरलं होतं. तिकीट काढायचं फक्त या चित्रापायी थांबलं होतं.

त्या बाईत त्या इतक्या गुंतल्या की टी-टॉवेल काढून तिच्याशी बोलायला लागल्या. तिचे दात जात्यातल्या वाळूने झिजलेले. कमरेचे मणके गेलेले, गुडघे कामातून गेलेले. डाव्या हाताचं हाड मोडून परत जुळलेलं. "तलवारीचा वार अडवला असेल," मी उत्साहाने म्हटलं. "नाही तर गाईने लाथ मारली असेल," त्या म्हणाल्या. "हाड ते सांगत नाही." मग थोड्या चिडूनच, "पुरुषाच्या थडग्यात भाला निघाला की तो योद्धा, कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. बाईच्या थडग्यात निघाला की तो नवऱ्याचा असेल, कोणी भेट दिला असेल. हेही मले पटत नाही. अन् लढायचीच असेल तर वाट्या बांधून लढायची, हे त्याहून नाही. ती होती तशी राहू द्या न तिला! काऊन कोणालाच ती तशी चालत नाही?"

म्युझियमची फियोना कच्चं चित्र बघायला शेडमध्ये आली. फियोना वाईट नव्हती हो. दालनाला माणसं आली नाहीत तर तिचीच नोकरी जाणार होती. तिने बराच वेळ चित्र बघितलं आणि म्हणाली, "इंटरेस्टिंग." इंग्लंडमध्ये चार वर्षं काढली की कळतं, इंटरेस्टिंग म्हणजे नापास.

चित्रात ती बाई पाठमोरी होती. जमिनीवरून उठत होती. एक हात कमरेवर, दुसऱ्याने भाल्याची काठी रोवून तिच्या आधाराने. वेणी घट्ट, आत खोचलेली. ढाल बाजूला टेकलेली. लढायला निघाली, की गाई बघायला, ते दाखवलं नव्हतं. चेहरा दिसत नव्हता.

"तिचा चेहरा पाहिजे, कुंदा," फियोना म्हणाली. "लोक चेहऱ्याशी जोडले जातात." मग तिने टॅब्लेट उघडला. कॉम्प्युटरकडून दहा सेकंदांत काढून घेतलेलं चित्र होतं. खडक, तलवार, केस, वाट्या, शिंगं, आणि पाठीमागे वीज.

कुंदाताईंनी चष्मा वर करून ते नीट पाहिलं. "माणसांना एवढ्या चुका करायला दीडशे वर्षं लागली," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "हे फारच फास्ट आहे." फियोना हसली, पण म्हणाली की कमिटी ऐकणार नाही. महिन्याभरात चेहरा द्या, नाहीतर भिंत दुसऱ्याला. टेरिबली सॉरी, कुंदा.

मी माझ्या परीने मार्ग काढला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना मार्ग काढायची खोड असते. दुपारी शेडमध्ये चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "ताई, तुमची आई सूतगिरणीत होती ना? ही पण सूत कातणारी, कमर गेलेली, वय तेच. आईचा चेहरा द्या हिला. कोणाला कळणारे? आणि आई राहील तिथे भिंतीवर, किती छान."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मला वाटलं आता तो माझ्याकडे येणार.

"माय गेली तेव्हा मी चौथीत होते," त्या म्हणाल्या. "तिचा फोटो एकच. कोणाच्या तरी लग्नातला, घोळक्यात, कोपऱ्यात उभी. बाबांनी तो स्टुडिओत दिला, मोठा करून हार घालायसाठी. तुमच्याकडे पण करत होते न तसं? त्या फोटोवाल्याने हौसेने रंगवला. माय माही काळी होती, त्याने गोरी केली. कानात झुबे घातले, गळ्यात सर. गाल भरले. आयुष्यात तिने झुबे पाहिले नव्हते. अन् मूळ फोटो त्याच्या दुकानात हरवला. सगळे म्हणाले, काय छान दिसून राहिली! बाबापण म्हणाले. मी रोज पाहायची. पाहून पाहून एक दिवस पाहते तर आतली माय गेली. आता डोळे मिटले की झुबेवालीच येते. लई प्रयत्न केला मी, पुणेकर. नाही येत." त्यांनी मनगट घट्ट धरलं होतं. "माह्या मायच्या चेहऱ्यावर एकाने दुसरीच बाई ठेवली. आता मी हिच्या चेहऱ्यावर माही माय ठेवू? हिला कोणी नव्हतं का? हिची लेक असेल न कोणी."

मला इतकी लाज वाटली की कप उचलून मी सरळ घरात आले. मग रडले. आणि मग परत जाऊन म्हटलं, "पाठमोरीच राहू द्या."

तशीच राहिली. भिंत गेली. समोरच्या भिंतीवर एका कंपनीने केलेली सोनेरी केसांची बाई आली. शिंगं तेवढी नव्हती, फियोनाने ती भांडून काढायला लावली, आणि त्याबद्दल मी तिचे उपकार मानते. कुंदाताईंचं चित्र लहान आकारात छापलं आणि कॅफेजवळच्या पॅसेजमध्ये, लेडीज टॉयलेटच्या दारासमोर लावलं. फोनवर हे कळलं तेव्हा कुंदाताई "व्हेरी काइंड ऑफ यू" म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. जन्मभराचं काम आणि शेवटी टॉयलेट. मला फार वाईट वाटलं. उद्घाटनाला यायला त्या तयारच नव्हत्या. नागपूरचं तिकीट निघालं होतं, बॅगा अर्ध्या भरल्या होत्या. मी बळेबळे ट्रेनमध्ये बसवलं.

दालनात गर्दी होती. सोनेरी बाईपुढे लोक येत, तलवार उपसल्यासारखा हात करून सेल्फी घेत आणि पुढे सरकत. कुंदाताई हाताची घडी घालून बघत होत्या. "कंडिशनर कोणतं लावते विचार तिला," म्हणाल्या. आवाज मात्र बारीक झाला होता. मग म्हणाल्या, "चल, टॉयलेटला जाऊ अन् घरी."

बायकांच्या टॉयलेटला रांग असते, ती जगात सगळीकडे असते. इथे ती पार कॅफेपर्यंत आली होती, आणि रांगेतल्या बायकांना त्या चित्राखेरीज बघायला दुसरं काही नव्हतं. आमच्या पुढे साठी उलटलेल्या दोन इंग्लिश बहिणी होत्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं.

"दॅट्स मम," ती म्हणाली. "बागेत तण काढून उठतेय बघ."

"सो इट इज," दुसरी म्हणाली. "हर पुअर बॅक." त्यांच्या पुढची हिजाबवाली तरुण मुलगी वळून म्हणाली, "माझी नानी पण. एक्झॅक्टली अशीच उठते."

माझ्या मनगटात नखं रुतली. कुंदाताईंनी मला धरलं होतं.

"ए पुणेकर. माय."

"काय झालं ताई?"

"गिरणीतून आली की खाली बसायची. भिंतीला टेकून. मी पाणी द्यायची. मंग उठायची ती अशी. अशीच न गं. हात असा." त्या चित्राकडे बोट दाखवत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसायचंही भान नव्हतं. "झुबे नाहीत. माह्या मायची पाठ आहे ती."

"तुम्ही मुद्दाम...?"

"नाही बे! मणके पाहून काढलं मी. हिचेच मणके आहेत."

रांग पुढे सरकली. त्या सरकल्या नाहीत. मी म्हटलं, चहा आणते, आणि कॅफेत गेले. दोन कप घेऊन परतले तरी कुंदाताई तिथेच, रांगेच्या शेवटी, चित्राच्या बरोबर समोर उभ्या. मागून कोणी बाई आली की अंग चोरून तिला वाट देत होत्या आणि चित्रावरची नजर न काढता म्हणत होत्या, "यू गो, लव्ह. मला घाई नाहीये."